मढवलेल्या तातीची कैफियत

वाद्यवृंदाच्या दरबारात प्रत्येक वाद्याची मनसब ठरलेली असते. व्हायोलिनला अग्रपूजेचा मान, ट्रंपेटला आरोळी ठोकण्याचा परवाना, नगाऱ्याला प्रसंगी धाक घालण्याचा अधिकार. आणि या सर्वांच्या पाठीमागे, भिंतीच्या आश्रयाने, पुरुषभर उंचीचे जे एक अवाढव्य लाकडी प्रकरण उभे असते, त्या डबल बासच्या वाट्याला मात्र ‘असू द्या बापडा’ एवढीच सनद आलेली असते. तो वाजत असताना त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो थांबला म्हणजे काही तरी बिघडले एवढे सर्वांना जाणवते, पण काय बिघडले हे पुष्कळांना सांगता येत नाही. अशा अनुल्लेखाच्या हुद्द्यावर उभा जन्म काढणाऱ्या गृहस्थाने यथाकाल वैराग्य पत्करावे, मिळतील त्या तारा ओढाव्यात आणि बिदागीचे पाकीट खिशात घालून शेवटच्या लोकलने घरी जावे, अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात, ज्या स्वरांकडे अवघ्या जगाने काणाडोळा केला आहे त्यांच्या पोताविषयी, घनतेविषयी आणि विरून जाण्याच्या अदबीविषयी बासवाल्यांच्या जमातीत जेवढा खल चालतो, तेवढा एखाद्या प्रायश्चित्ताच्या निर्णयासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदातही कधी चालला नसेल.

हा विक्षिप्तपणा आजचा नव्हे. व्हेनिसचा डोमेनिको ड्रागोनेत्ती (१७६३–१८४६) हा या वाद्याचा पहिला सार्वभौम. १७९९ साली व्हिएन्नात बेथोव्हनने पियानोवर बसून त्याच्यासमवेत आपला चेलोसाठी लिहिलेला सोनाटा वाजवला आणि तो संपताच वादक व वाद्य या दोघांनाही एकाच मिठीत घेतले, अशी आख्यायिका आहे. बासचा घेर लक्षात घेता बेथोव्हनच्या बाहूंची लांबी हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय व्हावा. हाच ड्रागोनेत्ती आपल्या संग्रहातल्या बाहुल्या बरोबर घेऊन प्रवास करीत असे. त्याच्या मागून आलेल्या जोव्हान्नी बोत्तेसिनीने (१८२१–१८८९) तर बास हौसेने धरलाच नाही. मिलानच्या संगीतविद्यालयात शिष्यवृत्तीच्या जागा उरल्या होत्या त्या बासून आणि डबल बास या दोनच वाद्यांच्या. तेव्हा दोहोंपैकी ज्याचा वीट कमी येईल ते त्याने पत्करले आणि पुढे त्याच वाद्यावर सारा युरोप जिंकला. या दोघांच्याही बासला तारा तीनच, आणि त्या तातीच्या, म्हणजे आतड्याच्या. चौथी, सर्वांत खर्जाची तार लावायची तर तात इतकी जाड घ्यावी लागे की ती वाजवण्यापेक्षा तिला गाय बांधणे अधिक सोयीचे झाले असते.

आमचे धाकटे मेहुणे याच गोत्रातले. सोमवार ते शुक्रवार एका बँकेच्या कर्जविभागात बसून ते लोकांच्या तारणाची छाननी करतात आणि उरलेल्या दोन दिवसांत समानधर्मी मित्रांच्या चमूत जॅझ वाजवतात. दादरच्या मराठी माणसाने जॅझ वाजवावा यात वावगे काहीच नाही. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, त्या काळापासून या शहराला त्या संगीताचा जो नाद लागला तो मुख्यतः गोव्याच्या वादकांनी जोपासला. त्यांच्यापैकी चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या अंतोनियो शावियर वाझ यांच्याशी आमच्या सी. रामचंद्रांचे, म्हणजे रामचंद्र चितळकरांचे, इतके सूत जमले की १९५१ च्या ‘अलबेला’त वाझसाहेब आपल्या वादकांसह पडद्यावरही झळकले. परंतु शहराला नाद लागणे निराळे आणि गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसांना तो मानवणे निराळे. इमारतीच्या जिन्यावरून ‘फर्निचर’ हलवायचे असल्यास पूर्वसूचनेचा अर्ज देऊन ना हरकत दाखला घ्यावा, असा संस्थेचा ठराव आहे. आणि सहा फुटी वस्तू ज्या अर्थी लाकडी आहे, चौघांनी धरल्याखेरीज वळणावर वळत नाही आणि तिच्याखाली मांजर निजते, त्या अर्थी ती फर्निचरच होय, असा चिटणीसांचा अभिप्राय पडला. तेव्हापासून मेहुणे दर महिन्याच्या आरंभी एक छापील दरखास्त रुजू करतात. ‘हलवावयाच्या वस्तूचे वर्णन’ या रकान्यात ते ‘वाद्य’ असे लिहितात, आणि चिटणीस ते खोडून ‘कपाटसदृश’ असे दुरुस्त करतात.

तर अशा या मेहुण्यांना जिमी ब्लँटनने नादावले. ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यात १९३९ साली दाखल झालेला हा तरुण १९४२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी क्षयाने गेला. पण तेवढ्या मुदतीत त्याने मागच्या रांगेतल्या या वाद्याला बोलते केले. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून मेहुण्यांनी असे निदान केले की त्या आवाजातला जो ओलावा आपल्या वादनात उतरत नाही, त्याचे कारण तारांत आहे. बोटांत आणि ब्लँटनच्या प्रतिभेत ते असू शकेल, ही शंका आम्ही भीतभीत मांडली. तीवर त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर ते बहुधा अपुऱ्या तारणावर कर्ज मागणाऱ्यांसाठी राखून ठेवीत असावेत.

“भावोजी, ब्लँटनच्या काळी तारा तातीच्या होत्या. आम्ही वाजवतो पोलाद. पोलादाला काळीज असतं का?”

“मग लावा की तात.”

“नुसती तात मुंबईच्या हवेत टिकायची नाही. आम्ही मढवलेली आणणार.”

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. मेहुण्यांनी ते आम्हांला जेवताना, जेवणानंतर आणि पानाच्या गादीपर्यंत चालत जाताना सांगितले होते, त्या मानाने वाचकांची सुटका लवकर होईल. मारँ मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६ साली तारांचे नियम ग्रंथबद्ध केले. त्यांचा मथितार्थ असा की तार जितकी लांब, जितकी सैल आणि जितकी वजनदार, तितका तिचा स्वर खाली. व्हायोलिनची तार वाजते ती सुमारे तेहेतीस सेंटिमीटर. बासची एकशे पाच. असे असूनही बासच्या खालच्या तारेला सेकंदाला अवघी एकेचाळीस कंपने करून दाखवायची असतात, आणि एवढी लांबी त्याला पुरत नाही. सैल सोडावी तर तार लोंबकळते; सबब वजन वाढवणे आले. पण तात जाड करीत जावे तसतशी ती ताठरते, नीट लवत नाही, तिच्यातले वरचे उपस्वर आपापली जागा सोडून भलतीकडे सरकतात आणि आवाज बोथट होतो. या पेचातून वाट काढणारा जो कोणी अनाम कारागीर असेल तो खरा मुत्सद्दी. त्याने बारीक तात गाभ्याला ठेवली आणि तिच्यावर धातूची तार शेजारी शेजारी घट्ट वेढली. वजन धातूचे, लवचिकपणा तातीचा. जॉन प्लेफर्ड या लंडनच्या प्रकाशकाने १६६४ साली या नव्या शोधाची जाहिरात आपल्या संगीतविषयक पुस्तकात छापली आहे. याच सुमारास आपल्याकडे शिवाजी महाराजांनी सुरतेचा समाचार घेतला, एवढा संदर्भ दिला म्हणजे मढवलेल्या तातीच्या वयाची कल्पना यावी.

तातीचा संबंध मांजराशी जोडण्याची एक चाल आहे. ती निराधार असून मेहुण्यांच्या घरचे मांजर बासखाली निर्धास्त निजते हे योग्यच आहे. आतडे लागते ते मुख्यतः मेंढीचे. ते ताजे असतानाच धुऊन, खरवडून, त्याच्या लांब पट्ट्या ओल्या असताना पीळ देऊन ताणून वाळवतात आणि मग घासून गुळगुळीत करतात. इटलीतल्या आब्रुत्सो प्रांतातल्या साल्ले नावाच्या डोंगरी खेड्यात पिढ्यानुपिढ्या हाच धंदा चाले. आज तारांच्या व्यापारात नामांकित असलेल्या दाद्दारियो घराण्याचा तिथला दाखला १६८० सालचा आहे. पुढे पिरात्सी नावाच्या इटालियन गृहस्थाने १७९८ साली जर्मनीतल्या ओफेनबाख येथे जो कारखाना काढला, तो ‘पिरास्त्रो’ या नावाने अद्याप चालू आहे. आपल्याकडेही तातीचे माहात्म्य नव्याने सांगायला नको. कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीवर तातच असे. सारंगीच्या तीन मुख्य तारा तातीच्याच. बालगंधर्वांच्या गळ्यामागे कादरबक्षांची जी सारंगी अदबीने चाले, तिचा गज फिरे तो तातीवर, आणि तिच्याखाली पस्तीस-छत्तीस धातूच्या तरफा आपापल्या स्वरावर झणकत राहत. म्हणजे आपल्या वाद्यात तात आणि धातू एकाच छपराखाली, परंतु पृथक्‌ राहून नांदले; युरोपियनांनी त्यांचा रीतसर विवाह लावून दिला.

विसाव्या शतकात पोलादाने उठाव केला. १९५० नंतरच्या दशकांत बासवाल्यांनी तात सोडून पोलादी तारा चढवल्या त्या काही काळीज विकून नव्हे. नगारे मोठे झाले होते, ट्रंपेट कर्कश झाले होते, आणि १९५१ मध्ये लिओ फेंडरने विजेचा बास बाजारात आणून उभ्या बासच्या पोटावरच पाय दिला होता. पोलादाचा आवाज लांबवर जातो, हवामानाची तमा बाळगत नाही, विजेच्या यंत्रातून स्पष्ट ऐकू येतो. दोष एवढाच की पोलादी तारेचा स्वर जेवण झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्याप्रमाणे रेंगाळतो. तातीचा स्वर उठतो, भरतो आणि निरोप घेतो. काही धूर्त वादकांनी दोन्हीकडे पाय ठेवले. चार्ली हेडन (१९३७–२०१४) वरच्या तारा तातीच्या ठेवी आणि खालच्या पोलादी. मेहुण्यांना असली खिचडी मंजूर नव्हती. चारही तारा मढवलेल्या तातीच्याच, असा हुकूम सुटला. किंमत त्यांनी घरात रुपयांत न सांगता युरोत सांगितली, कारण आकडा लहान दिसतो. आणि आयातशुल्काचा तर त्यांनी उच्चारच केला नाही.

तारा आल्या तेव्हा आम्ही योगायोगाने तेथेच होतो. म्हणजे मेहुण्यांनी आम्हांला बोलावून घेतले होते. चार वेटोळी, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात. वरून पाहता त्या तारा धातूच्याच वाटतात: चकचकीत, रुपेरी, वेढे इतके सलग की नख फिरवले तरच जाणवावेत. पण हातात घेतली म्हणजे तार हलकी, मवाळ लागते. पोलादी तारेचे वेटोळे सोडताच ती उसळून तोंडावर येते, ही निमूट उलगडते. टोकाशी, जिथे वेढा संपतो तिथे, मधाच्या रंगाचा तातीचा गाभा किंचित डोकावत होता, आणि सासूबाईंची दृष्टी नेमकी तेथे गेली.

“हे पिवळं काय रे?”

मेहुण्यांचे वकीलपत्र कोणी घेण्यापूर्वीच त्यांनी कबुलीजबाब देऊन टाकला.

“मेंढीचं आतडं? आणि हे तू देवघराच्या भिंतीला टेकवून ठेवणार?”

“अगं आई, पखवाजाला कातडंच असतं. देवळात वाजतो की.”

“पखवाज विठ्ठलापुढे वाजतो. तुझा हा कुठे वाजतो ते मला ठाऊक आहे.”

या युक्तिवादाला उत्तर नव्हते, कारण मागचा कार्यक्रम एका मद्यगृहात झाला होता. मेहुण्यांनी अखेरचे अस्त्र काढले. खालच्या तारांवरचा वेढा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचा आहे, आणि तांबे व चांदी हे दोन्ही धातू पूजेत चालतात, असे त्यांनी निदर्शनास आणले.

“वरून चांदी मढवली म्हणून आतलं आतडं एकादशी करायला लागतं होय?” असे म्हणून सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. मढवलेल्या तातीवर गेल्या साडेतीनशे वर्षांत पुष्कळ लिहिले गेले असेल, पण तिचे मर्म एवढ्या थोडक्यात कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही. तडजोड अशी झाली की बासने दिवाणखान्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात, दूरदर्शनसंचाशेजारी मुक्काम हलवावा.

तारा बदलण्याचा विधी वाटतो तितका सुलभ नाही. बासच्या पोटात, पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये, एक लाकडी दांडी केवळ दाबाच्या बळावर उभी असते. तिला खिळा नाही, सरस नाही. वरची घोडीसुद्धा तारांच्या ताणानेच जागच्या जागी राहते. चार पोलादी तारांचा ताण मिळून शंभर किलोच्या वर जातो. तो सगळा एकदम काढला तर घोडी आडवी होते, आतली दांडी कोसळते आणि ती पुन्हा उभी करण्यासाठी जाणकार कारागिराचे पाय धरावे लागतात. म्हणून एक तार काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, मगच दुसरीला हात लावायचा. राज्यकारभारात मंत्रिमंडळ बदलतानाही हीच दक्षता घेतात. आमच्याकडे बासची मान धरून उभे राहण्याचे काम होते. मेहुणे जमिनीवर मांडी घालून बसले. जुन्या खाचा नव्या जाड तारांना अपुऱ्या पडत होत्या, त्या त्यांनी बारीक गोल कानशीने, श्वास रोखून, रुंदावल्या, आणि तार खाचेत अडकू नये म्हणून त्यांत चिरंजीवांच्या चित्रकलेच्या पेन्सिलीचे मऊ शिसे घासले. चिरंजीव या जप्तीचा निषेध नोंदवून शेजारी उभे होते. पितळी दात्यांची खुंटी फिरू लागली, तार घोडीवरून कुरकुरत सरकली, आणि बऱ्याच वेळाने, कोठून तरी खोल, पहिला स्वर निघाला.

आवाज खरोखरच चांगला होता. येथे थट्टा करण्याचे कारण नाही. पोलादी तार छेडल्यावर आधी बोटाचा आघात कानी पडतो आणि मागून स्वर येतो. येथे आघात आणि स्वर एकदमच, मऊ, गोलसर उमटले, आणि वाद्याची मान धरलेल्या आमच्या तळहाताला तो स्वर कानाच्या अगोदर कळला. कोरी तात, मेहुण्यांच्या सांगण्यानुसार, ‘थप’ करून संपते. ही क्षणभर अधिक थांबली, आणि मग गेली. मेहुण्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते त्यांच्या लग्नातल्या छायाचित्रांत आढळत नाही.

ते समाधान तार उतरेपर्यंत टिकले. नवी तात ताणाला सरावेपर्यंत लांबत राहते, म्हणजे जुळवलेला स्वर हळूहळू घसरतो. पुन्हा जुळवावा, पुन्हा घसरतो. चारही तारा आपापल्या गतीने घसरत असल्यामुळे त्यांच्यातले अंतर कधी चुकून बरोबरही येते, आणि तेवढ्यापुरता वादकाला आपल्या भाग्याचा भास होतो. त्यातून पावसाळा. मुंबईच्या आषाढात कोरडी म्हणावी अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे महानगरपालिकेचा खुलासा. तात ही आर्द्रतेला विलक्षण हळवी, ओलावा शोषून फुगणारी आणि उन्हाने आकसणारी. मेहुण्यांनी भिंतीवर आर्द्रतामापक टांगला आणि घरातल्या व्यवहारांचे त्याच्या अनुरोधाने नियमन सुरू केले. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ ठरली. ओले कपडे दिवाणखान्यात वाळत घालण्यास बंदी झाली. वहिनींनी या वटहुकमाची एक प्रत मागितली, आणि ती पोळीच्या डब्याखाली घालण्यासाठी वापरली.

सराव मात्र एका मित्राच्या वातानुकूलित खोलीत चाले. तिथली हवा कोरडी ठणठणीत. बाहेर फुगलेली तात तेथे आकसली, आणि वरच्या धातूच्या वेढ्याला, आतला आधार ढळल्याबरोबर, खरखरण्याची सवय जडली. पण ही खरखर तारेचीच आहे हे सिद्ध होण्याआधी जी चौकशी चालली तिचा वृत्तान्त दिल्याशिवाय हे प्रकरण पुरे व्हायचे नाही. बासच्या खर्जाचे एक वैशिष्ट्य आहे: तो वाजला की खोलीत जे जे काही सैल असेल ते ते त्याच्या साथीला उठते. खालच्या तारेवरचा एक विशिष्ट स्वर दाबताच कोठून तरी ‘झर्रर्र’ असा आवाज येई. प्रथम संशयित म्हणून शोकेसच्या काचेला अटक झाली. तिच्या फटीत पुठ्ठा खोचला. आवाज चालूच. नंतर पितळी समई, भिंतीवरचे कॅलेंडर, दाराची कडी आणि टेबलावरची पेल्यात ठेवलेली चमच्यांची जुडी यांच्या जबान्या झाल्या. समईने गुन्हा अंशतः कबूल केला, म्हणजे तिच्यावर हात ठेवताच आवाज अर्धा झाला. उरलेला अर्धा कोणाचा? मेहुण्यांनी सर्वांना निश्चल बसायला सांगितले, आणि स्वर छेडीत ते एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. शेवटी दुसरा सहगुन्हेगार सापडला तो आमचा चष्मा. त्याची एक काडी स्क्रूपाशी सैल होती आणि ती बासच्या त्या स्वराशी तंतोतंत जुळत होती. आम्हांला चष्मा काढून बसण्याची शिक्षा झाली; त्यानंतरची तपासणी आम्ही अंधुकच पाहिली. तरीही झर्रर्र उरलाच, तेव्हा तारेच्या वेढ्यावर बोट ठेवून शांतपणे ऐकल्यावर खरा आरोपी हाती लागला. मेहुण्यांनी वाद्य व्हरांड्यात दमट हवेत नेऊन ठेवले. तात फुगली, वेढा घट्ट बसला, खरखर थांबली आणि स्वर उतरला.

पुढे कार्यक्रम झाला. आम्ही खास पहिल्या रांगेत बसलो होतो. मेहुण्यांनी आम्हांला तेथे बसवले होते, कारण तातीचा आवाज पोलादाइतका लांब पोहोचत नाही आणि निदान एका आप्ताला तरी तो ऐकू यावा अशी त्यांची इच्छा होती. विजेचे यंत्र त्या रात्री त्यांनी तत्त्वासाठी वर्ज्य केले होते. ड्रमवाल्याने पहिली फेक केली आणि बास दिसेनासा झाला. म्हणजे डोळ्यांना तो ढळढळीत दिसत होता, मेहुण्यांची बोटे चालत होती, कपाळावर घाम होता, आणि ऐकू मात्र येत होती ती झांज. संथ चालीचे एक गीत आले तेव्हा ड्रमवाल्याने ब्रश हाती घेतले, आणि मग, एकदाचा, तो गोलसर, दमदार, सभ्य स्वर सभागृहात पसरला. आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मान डोलावली. पाठोपाठ त्यांनी डोळे मिटले. ती दाद होती की निद्रा, याचा निवाडा आम्ही संशयाचा फायदा देऊन मेहुण्यांच्या बाजूने केला.

कार्यक्रमानंतर पडद्यामागे मेहुणे प्रत्येकाला आवाजाबद्दल छेडीत होते. ड्रमवाल्याने, “काय बदललं?” असे विचारून आपले मत दिले. गायिका म्हणाली की आज गाताना घसा मोकळा वाटला, पण तिने ज्येष्ठमधही घेतले होते. खरी साक्ष दिली ती पियानोवाल्याने. हा माणूस कानाचा तिखट आणि जिभेचा त्याहून तिखट, तो मेहुण्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “आज तुम्ही फार सुरात वाजलात, राव. इतके दिवस कुठं होता?”

मेहुणे हरखले. आम्हांला मात्र, येता-जाता ऐकलेल्या शास्त्राच्या बळावर, त्या प्रशंसेची उपपत्ती तत्काळ उमगली. बासच्या पट्टीवर गिटारसारखे पडदे नसतात. बोट केसभर इकडेतिकडे पडले की स्वर ढळतो. पोलादी तारेवर तो ढळलेला स्वर रेंगाळून राहतो आणि पियानोच्या ठाम स्वराशेजारी उभा राहून आपला ढळलेपणा जाहीर करतो. तातीवरचा स्वर ऐकणाऱ्याने त्याची तपासणी आरंभण्यापूर्वीच हजेरी लावून निघून जातो. अपराध तोच, पुरावा मात्र जागेवर सापडत नाही. मढवलेली तात कोऱ्या तातीपेक्षा किंचित अधिक काळ वाजत असल्यामुळे ती पूर्ण माफी देत नाही, जामिनावर सोडते, इतकेच. ही उपपत्ती आम्ही टॅक्सीत मेहुण्यांना सांगितली असती, परंतु बासची मान आमच्या दोघांच्या मधून पुढच्या काचेपर्यंत गेलेली असल्याने त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि असले विधान समोरच्याचा चेहरा पाहिल्याशिवाय करू नये.

दिवाळीनंतर हवा कोरडी पडली, खरखर कायमची वस्तीला आली, आणि एका रविवारी आम्ही गेलो तो चारही पोलादी तारा पुन्हा चढलेल्या. मेहुणे त्याविषयी काही बोलले नाहीत. त्यांनी आम्हांला कपाटातले एक दप्तर दाखवले. बासवाले जुन्या तारा फेकून देत नाहीत, हे आम्हांस तेव्हा प्रथम कळले. आत पाकिटांची चळत होती आणि प्रत्येकावर बँकेतल्या वळणदार अक्षरात नोंद: कोणती तार, केव्हा काढली, आणि शेवटी शेरा. ‘आवाज रूक्ष’, ‘गजाला प्रतिकूल’, ‘ठीक, परंतु मन रमेना’. हे सर्व शाईने लिहिलेले होते. मढवलेल्या तातीचे पाकीट सगळ्यांत वर होते; त्याच्यावरचा ‘पावसाळ्यात पुन्हा पाहणे’ हा शेरा पेन्सिलीचा होता, आणि त्याच्याखाली नुसत्या, न मढवलेल्या तातीचा भाव युरोत मांडून ठेवला होता.